हळदीचा डाग, जांभळा टॉर्च आणि रेणूंची देवाणघेवाण: घरच्या घरी करून बघण्याचे प्रयोग

हळदीचा डाग साबणाने जात नाही, उन्हात जातो. सांगलीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. साबण लागला की डाग आधी लालभडक होतो, नवखा माणूस घाबरतो, आणि घरातली एखादी बाई शांतपणे म्हणते, "धू आणि टाक वाळत, संध्याकाळपर्यंत जाईल." आणि जातो. मी रसायनशास्त्राच्या शिकवण्या घेतो, तरी हे का होतं ते मला बरीच वर्षं धड सांगता येत नव्हतं. "ऊन ब्लीच करतं" म्हणून वेळ मारून न्यायचो.

माझी भाची बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती वही घेऊन आली. वहीत याब्लॉन्स्की आकृती होती, म्हणजे आडव्या रेघा आणि त्यांच्यामधून वर-खाली जाणारे बाण. "मामा, बाण पाठ झालेत. पण ऊर्जा एका रेणूतून दुसऱ्यात जाते म्हणजे नक्की जातं काय?" त्या प्रश्नापायी आम्ही पुढचे काही महिने स्वयंपाकघरात जे उद्योग केले, त्यांतले जमलेले इथे क्रमाने लिहितो. फसलेलेही लिहितो, कारण तुम्हीही तिथेच फसाल.

आधी थोडा हिशोब

रेणूने उजेड शोषला की त्यातला एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर जातो. याला उत्तेजित अवस्था म्हणायचं. शोषण्याचं काम फेम्टोसेकंदांत उरकतं, म्हणजे सेकंदाच्या एक हजार लाख कोटीव्या भागात. मग रेणू थरथरतो, आजूबाजूला थोडी उष्णता टाकतो आणि पिकोसेकंदांत वरच्या मजल्याच्या तळाशी येऊन बसतो. इथून पुढे त्याच्याकडे थोडा वेळ असतो, साधारण काही नॅनोसेकंद. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. आपल्याला हा वेळ नगण्य वाटतो, पण रेणूच्या दुनियेत तो चिक्कार आहे.

या वेळात त्याच्यापुढे पाच दारं असतात. उष्णता टाकून खाली येणं. प्रकाश सोडून खाली येणं, हीच प्रतिदीप्ती, मी पुढे तिला नुसतं चमक म्हणेन. शेजारच्या रेणूला ऊर्जा देऊन टाकणं. इलेक्ट्रॉनची फिरकी उलटवून ट्रिप्लेट नावाच्या आडवाटेला लागणं, तिथे मायक्रोसेकंदांपासून काही सेकंदांपर्यंत मुक्काम होऊ शकतो. आणि शेवटचं दार म्हणजे तुटणं, रासायनिक बदल होणं. हळदीचा डाग या शेवटच्या दाराने जातो.

कुठलं दार उघडेल हे "ठरत" नाही, ही शर्यत असते. समजा एका रेणूचा चमकण्याचा दर सेकंदाला २० कोटी आणि उष्णता टाकण्याचा ८० कोटी आहे. एकूण १०० कोटी, म्हणजे सरासरी आयुष्य एक नॅनोसेकंद, आणि शंभरातले वीस रेणू चमकणार. आता त्याच्या शेजारी असा रेणू आणून बसवा की जो १००० कोटी दराने ऊर्जा उचलतो. एकूण झाले ११००. शेजाऱ्याकडे ९१ टक्के गेले आणि चमक उरली दोन टक्क्यांहून कमी. चमकण्याचा स्वतःचा दर आहे तोच आहे, त्याला कुणी हात लावला नाही. दुसरा जास्त जोरात पळाला एवढंच. हा हिशोब एकदा कागदावर मांडून बघाच. पुढचे सगळे प्रयोग म्हणजे यातला एकेक आकडा हाताने बदलून बघणं आहे.

काय काय लागेल

नोटा तपासायचा जांभळा टॉर्च. मारुती रोडवर किंवा ऑनलाइन कुठेही मिळतो. बहुतेकांवर ३९५ नॅनोमीटर लिहिलेलं असतं, तो चालतो. दुसरा एक साधा निळ्या एलईडीचा टॉर्च. गणपतीच्या सजावटीला आणतो तो पिवळा आणि लाल जिलेटीन कागद. काचेचे छोटे पेले, चहाच्या टपरीवरचे उत्तम. मेडिकलमधलं स्पिरिट, नाहीतर पातळ सॅनिटायझर, जेलवालं नको. हळद, पालक, टॉनिक वॉटरची बाटली, मीठ, साखर, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, पिवळा आणि गुलाबी हायलायटर, आणि शाळेतली मुलं वापरतात तो पारदर्शक गोंद. पांढरा फेव्हिकॉल नको, कारण पुढे येईल.

जांभळा टॉर्च कुणाच्याही डोळ्यात मारायचा नाही, आरशावर आणि चकचकीत स्टीलवरही नाही. त्याचा बराचसा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही. स्पिरिटजवळ गॅस, उदबत्ती, निरांजन काही नको. आणि हायलायटर लागलेला पेला परत चहाला वापरायचा नाही. हे शेवटचं मी आमच्या घरी ऐकलेल्या बोलण्यांवरून लिहितोय.

मोबाइलवर फोटो काढून तुलना करणार असाल तर प्रो मोडमध्ये जाऊन आयएसओ, शटर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही बांधून टाका. नाहीतर चमक कमी झाली की कॅमेरा आपणहून फोटो उजळ करतो, आणि तुम्ही म्हणता "काही फरकच नाही." आमचा पहिला सगळा संच असाच वाया गेला.

पहिला प्रयोग: हळद तीन पेल्यांत

तीन पेले घ्या. एकात स्पिरिट, एकात शेंगदाणा तेल, एकात पाणी. प्रत्येकात चिमूटभर हळद घालून ढवळा, दहा मिनिटं गाळ बसू द्या. शिवाय चौथ्या पेल्यात नुसतं तेल ठेवा, कारण काही तेलं स्वतःच थोडी चमकतात. खोली अंधारी करा आणि टॉर्च बाजूने मारा.

स्पिरिटमध्ये हिरवट-पिवळी झळाळी दिसेल, तेलातही दिसेल, पाणी मात्र मठ्ठ. एक कारण सरळ आहे, करक्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा रंग, पाण्यात विरघळतच नाही म्हणा ना. दुसरं कारण आपल्या कामाचं आहे. उत्तेजित करक्युमिनच्या आत एक हायड्रोजन इकडून तिकडे सरकतो, भोवतालच्या पाण्याचे हायड्रोजन बंधही त्यात हात घालतात, आणि उष्णतेचं दार सताड उघडतं. रेणू तोच, टॉर्च तोच, फक्त शेजार बदलला. स्पिरिटच्या पेल्यात थोडा धुण्याचा सोडा टाकलात तर द्रावण लालसर होईल आणि झळाळी मावळेल. साबणाने डाग लाल होतो तो हाच बदल, आणि हळदीला चुना लावून कुंकू करतात तेही याच जोरावर.

आता जांभळ्याऐवजी निळा टॉर्च मारा आणि पिवळ्या जिलेटीनमधून बघा. झळाळीचा रंग तोच राहतो. तुम्ही कमी उंचीवरून ढकला की जास्त, रेणू आधी तळाच्या पायरीवर येतो आणि मगच प्रकाश सोडतो. म्हणून बाहेर पडणारा प्रकाश आत गेलेल्यापेक्षा नेहमी "लालाकडे" झुकलेला असतो. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये हे नीट मांडलं, म्हणून त्या फरकाला स्टोक्स शिफ्ट म्हणतात. ऊर्जेच्या भाषेत ही दलाली आहे. व्यवहार झाला की थोडी कापली जातेच.

दुसरा प्रयोग: मिठाने विझणारा निळा

टॉनिक वॉटरमध्ये क्विनाइन असतं. जांभळ्या टॉर्चखाली ते आकाशी निळं पेटतं, पहिल्यांदा बघणारा माणूस "अरे लगा!" म्हटल्याशिवाय राहत नाही. तीन पेल्यांत प्रत्येकी १०० मिली घ्या. एक तसाच ठेवा. एकात सपाट चमचा साखर, एकात तेवढंच मीठ. मिठाचा फेस खाली बसू द्या, तो बसेपर्यंत काही ठरवू नका.

साखरेने काही होत नाही. मिठाने निळा जवळजवळ विझतो. मिठातला क्लोराइड आयन उत्तेजित क्विनाइनला धडकतो आणि ऊर्जा उष्णतेत जिरवून टाकतो. क्विनाइनचं उत्तेजित आयुष्य सुमारे २० नॅनोसेकंद आहे, म्हणजे या धंद्यात लांबच. तेवढ्या वेळात पाण्यात फिरणारा क्लोराइड त्याच्यापर्यंत पोचतो. हळदीच्या रेणूचं आयुष्य एक नॅनोसेकंदही नसतं, त्याला अशी धडक बसायला वेळच मिळत नाही.

आकडे काढायची हौस असेल तर मीठ अगदी चिमटी-चिमटीने वाढवत फोटो घ्या. मूळ चमक भागिले उरलेली चमक, हा आकडा मिठाच्या प्रमाणाबरोबर सरळ रेषेत चढतो. स्टर्न आणि फोल्मर यांनी १९१९ मध्ये हे दाखवलं. भाचीने आलेख काढला, पहिले चार बिंदू रेषेवर आले, पाचवा भलतीकडे. पाचव्याला चिमटी मोठी झाली होती.

मधे थोडं मिरजेला जाऊन येऊ

इथवर ऊर्जा विझवली. आता ती दुसऱ्याला द्यायची आहे, आणि भाचीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कधी उभे राहिलात तर एक गोष्ट बघा. सतारीच्या पडद्यांखाली तरफेच्या बारीक तारा असतात, त्यांना कुणी नखी लावत नाही. वरची तार छेडली की तिच्याशी जुळलेली तरफ आपोआप बोलू लागते. तरफेवर कागदाचा इवलासा चिटोरा घडी करून ठेवा. सूर जुळला की चिटोरा उडतो, जुळला नाही तर ढिम्म हलत नाही.

रेणूंचं तसंच आहे. देणाऱ्या रेणूला जे रंग सोडायचे आहेत तेच रंग घेणाऱ्याला शोषता येत असतील, तर दोन्ही जुळतात. देणारा चमकण्याआधीच त्याच्या इलेक्ट्रॉनचं डोलणं घेणाऱ्याच्या इलेक्ट्रॉनला डोलवतं. एक खाली येतो, त्याच क्षणी दुसरा वर जातो. मधे प्रकाश सुटतच नाही! बहुतेक विद्यार्थी इथेच घसरतात. त्यांना वाटतं पहिल्याने प्रकाश सोडला आणि दुसऱ्याने तो झेलला. तसंही होतं, पण तो वेगळा प्रकार, त्याला पुनर्शोषण म्हणू. सतारीची उपमाही इथे थोडी लंगडी पडते, कारण तिथे घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि हवा सूर वाहून नेतात.

थिओडोर फ्योर्स्टर या जर्मन शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात याचं गणित मांडलं. त्यातला कळीचा मुद्दा असा की हस्तांतराचा दर अंतराच्या सहाव्या घातात पडतो. प्रत्येक जोडीचं एक ठरावीक अंतर असतं, जिथे निम्मी ऊर्जा शेजाऱ्याकडे जाते. बहुतेक रंगद्रव्यांत ते २ ते ९ नॅनोमीटर असतं, आपण ५ धरू. अंतर निम्मं केलं तर साडेअठ्ठ्याण्णव टक्के जाते. दुप्पट केलं तर दीड टक्का. मधे फारसं काही नाही, जवळजवळ बटणासारखं.

अगदी चिकटून, एक नॅनोमीटरच्या आत आले तर आणखी एक वाट खुली होते. दोघांच्या इलेक्ट्रॉनांची खरीच अदलाबदल होते. हे डेक्स्टर यांनी १९५३ मध्ये मांडलं. ट्रिप्लेट ऊर्जा बहुधा याच वाटेने फिरते.

तिसरा प्रयोग: वाळता वाळता रंग बदलणारा गोंद

हा प्रयोग मला सगळ्यात आवडतो, म्हणून त्यावर जरा रेंगाळणार आहे.

पिवळ्या हायलायटरमधला रंग हिरवट प्रकाश सोडतो. गुलाबीमधला रंग हिरवट प्रकाश शोषतो आणि नारिंगी-लाल सोडतो. म्हणजे सूर जुळलेले आहेत. दोन्ही पाण्यात मिसळून टॉर्च मारला की हिरवा थोडा कमी आणि नारिंगी थोडा जास्त दिसतो, आणि लोक खूश होऊन म्हणतात, "झालं हस्तांतर." झालेलं नसतं! पेलाभर पाण्यात रेणू फार दूर असतात. तिथे जे दिसतं ते बहुतेक पुनर्शोषण आहे. खात्री करायची तर दोन रंग दोन वेगळ्या पेल्यांत घ्या, एकामागे एक ठेवा आणि गुलाबीतून पिवळ्याकडे बघा. हिरवा तसाही कमी दिसेल.

अंतराचा अंदाज असा. लिटरमध्ये एक मिलिमोल रंग (मोल हे रेणू मोजायचं माप) असेल तर रेणूंमधलं सरासरी अंतर सुमारे १२ नॅनोमीटर. दाटपणा आठपट केला की अंतर निम्मं. समजा आपल्या द्रावणात गुलाबी रंग ०.२ मिलिमोल आहे. अंतर झालं २० नॅनोमीटर, हस्तांतर साधारण चार हजारांत एक. हेच द्रावण पन्नासपट दाट झालं तर अंतर साडेपाचवर येतं आणि हस्तांतर तीनात एकाच्या घरात. आजूबाजूला घेणारे अनेक असतात, म्हणून प्रत्यक्षात आणखी जास्त.

मग दाट करायचं कसं? वाळवून. इथे गोंद कामाला येतो. हा पारदर्शक गोंद बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या बहुवारिकाचा, म्हणजे पॉलिमरचा असतो. पाणी उडालं की त्याचा कागदासारखा पातळ पापुद्रा होतो आणि रंगाचे रेणू त्यात जागच्या जागी अडकतात. गंमत अशी की बशीतलं द्रावण वाळून पातळ होतं तेव्हा प्रकाशाच्या वाटेत येणारे रेणू तेवढेच राहतात, ते फक्त खालीवर दाबले जातात. म्हणून पुनर्शोषण वाळण्याआधी आणि वाळल्यावर जवळपास सारखंच असतं. वाळल्यावर जो हिरवा नाहीसा होतो, तो शेजाऱ्याने उचललेला.

कृती अशी. एक भाग गोंद, पाच भाग कोमट पाणी, नीट एकजीव करा. पेलाभर मिश्रणात खायच्या सोड्याची लहान चिमूट. पिवळ्या हायलायटरमध्ये बहुधा पायरॅनीन नावाचा रंग असतो, तो आम्ल-अल्कलीप्रमाणे रंग बदलतो, सोड्याने तो एका जागी राहतो. हायलायटरची मागची टोपी काढून आतली वात पाण्यात पिळा. आता तीन सपाट काचेच्या बशा घ्या. पहिलीत फक्त पिवळा. दुसरीत फक्त गुलाबी. तिसरीत दोन्ही, प्रत्येकाचं प्रमाण पहिल्या-दुसऱ्या बशीइतकंच. जाडी अर्धा सेंटिमीटर. बांधलेल्या कॅमेऱ्याने ओल्या बशांचा फोटो काढा, मग पंख्याखाली सावलीत ठेवा. एप्रिलमध्ये एका दिवसात वाळतं, जुलैत तीन दिवस लागतात आणि मुंग्या येतात.

वाळल्यावर परत फोटो. निळा टॉर्च आणि पिवळा जिलेटीन वापरलात तर उत्तम. पहिली बशी हिरवीच राहायला हवी. तिसरीतला हिरवा खूप मागे पडून नारिंगी पुढे आलेला दिसतो. पहिली बशीही मंदावली असेल तर तेवढा भाग वजा करून बोला, कारण दाट झाल्यावर रंग आपल्याच भाऊबंदांनाही विझवतात. म्हणूनच एकट्या रंगाच्या बशा लागतात. त्या टाळल्या तर प्रयोग म्हणजे नुसती रंगपंचमी.

आता कसोटी. तिसऱ्या बशीतला पापुद्रा सोलून कोमट पाण्याच्या पेल्यात टाका, तासाभराने ढवळा. हिरवा परत येतो! म्हणजे पिवळा रंग मेला नव्हता, शेजाऱ्याला देत होता, आणि पाण्यात अंतर पडल्यावर पुन्हा स्वतः चमकू लागला. पांढरा फेव्हिकॉल नको म्हटलं ते यासाठी. तो एकदा वाळला की पाण्यात विरघळत नाही.

आमचं कुठे चुकलं तेही सांगतो. पहिल्या वेळी गुलाबी इतका घातला की तो स्वतःच विझून मळकट झाला. ओल्या द्रावणात गुलाबी अगदी फिकट दिसला पाहिजे, उसाच्या रसात थेंबभर कोकम पडावं तितपत. दुसऱ्या वेळी पिवळ्या हायलायटरची शाई पाण्यात गढूळ झाली. काही शायांत रंग बारीक प्लॅस्टिकच्या कणांत कोंडलेला असतो, तो कितीही वाळवला तरी गुलाबीजवळ जात नाही. दुकानदाराने "सगळे सेमच असतात" म्हणून दिला होता. शाई काचेसारखी स्वच्छ विरघळली तरच पुढे जा.

बहुवारिकात ऊर्जा कशी चालते

गोंदात बहुवारिक नुसता मांडव होता, पाहुणे रंगाचे. काही बहुवारिक स्वतःच उजेड शोषतात आणि ऊर्जा स्वतःच्याच अंगातून फिरवतात.

आधी अंतराची गोष्ट पक्की कशी झाली ते बघा. १९६७ मध्ये स्ट्रायर आणि हॉगलंड यांनी प्रोलीन या अमिनो आम्लाच्या १ ते १२ कड्यांच्या ताठ साखळ्या केल्या, एका टोकाला देणारा आणि दुसऱ्या टोकाला घेणारा रंग बसवला. साधारण १.२ नॅनोमीटरला शंभर टक्के हस्तांतर, ४.६ ला १६ टक्के. सहावा घात तंतोतंत. तेव्हापासून ही पद्धत प्रथिनांत अंतर मोजायची फूटपट्टी झाली.

आता पॉलिफेनिलीन व्हिनिलीनसारखे बहुवारिक घ्या, ज्यांत एकाआड एक दुहेरी बंध असतात. १९९० मध्ये केंब्रिजमध्ये याच पदार्थातून विजेवर हिरवट-पिवळा प्रकाश काढून दाखवला गेला. विजेला वाट देणाऱ्या अशा बहुवारिकांच्या शोधासाठी हीगर, मॅकडायार्मिड आणि शिराकावा यांना २००० सालचं नोबेल मिळालं. अशी साखळी कागदावर लांबलचक सरळ दिसते, प्रत्यक्षात ती पिळवटलेली, मुरगळलेली असते. प्रत्येक मुरगळीला इलेक्ट्रॉनांचा मेळ तुटतो. त्यामुळे एकच साखळी म्हणजे लहानमोठ्या तुकड्यांची माळ होते. लहान तुकड्याला वर चढायला जास्त ऊर्जा लागते, लांब तुकड्याला कमी.

उजेड एखाद्या लहान तुकड्यावर पडला की तिथे एक्सायटॉन जन्मतो. एक्सायटॉन म्हणजे वर गेलेला इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेली त्याची मोकळी जागा, एकमेकांना बांधून. ही जोडगोळी तुकड्यातुकड्यांवर उड्या मारत लांब तुकड्यांकडे, म्हणजे उताराकडे जाते. म्हैसाळ योजनेत कृष्णेचं पाणी जतकडे चढवायला टप्प्याटप्प्यावर पंप लागतात. इथे पंप नाही. खोलीच्या तापमानाची धडपड छोटासा चढ पार करून देते, मोठा नाही. म्हणून पहिल्या उड्या भराभर होतात, पुढे खळग्यात अडकत जाते.

एवढं करून ती जाते किती? अशा बहुवारिकांत बहुतेकदा दहा नॅनोमीटरच्या आसपास. तेवढ्यात आयुष्य संपतं. प्लॅस्टिक सोलर सेल करणाऱ्यांची खरी डोकेदुखी हीच. पुरेसा उजेड शोषायला थर शंभर नॅनोमीटरचा लागतो, आणि एक्सायटॉन दहातच दमतो. उपाय असा निघाला की इलेक्ट्रॉन देणारा आणि इलेक्ट्रॉन घेणारा पदार्थ एकमेकांत इतके बारीक मिसळायचे, की कुठेही जन्मलेल्या एक्सायटॉनला दहा नॅनोमीटरच्या आत दोघांची हद्द सापडावी, जिथे तो फुटून वीज देतो. भेळ कालवल्यासारखं. फार कमी कालवलं तर हद्द लांब, फार जास्त कालवलं तर वीज बाहेर न्यायला सलग वाटच राहत नाही.

चौथा प्रयोग: पान का चमकत नाही

पालकाची चार पानं कुस्करून स्पिरिटमध्ये बुडवा. गरम पाण्याच्या पातेल्यात, गॅस बंद करून, पेला दहा मिनिटं ठेवा आणि गाळून घ्या. हिरवागार अर्क मिळेल. अंधारात जांभळा टॉर्च मारा: रक्तासारखा लाल. आता त्याच टॉर्चने पालकाचं साबूत पान बघा. जवळजवळ काही नाही.

हरितद्रव्य तेच. अर्कात त्याला देण्याजोगा कुणी उरलेला नाही, म्हणून बराच भाग लाल प्रकाश होऊन सांडतो. पानात दोन-तीनशे हरितद्रव्याचे रेणू मिळून एका कामाच्या केंद्राला ऊर्जा पुरवतात. पिवळी कॅरोटिनॉइडं आणि हरितद्रव्य ब हे हरितद्रव्य अ ला देतात, ते पुढे देतं, उतार कायम. एमर्सन आणि आर्नल्ड यांनी १९३२ मध्ये मोजलं तेव्हा ऑक्सिजनच्या एका रेणूमागे सुमारे अडीच हजार हरितद्रव्याचे रेणू निघाले. एवढी फौज कशाला, हे कळायला पुढे बराच काळ गेला. म्हणून पानाची चमक ही त्याची कमाई नव्हे, गळती आहे.

आणखी एक बघा. आपल्याकडे उसात तण मारायला अॅट्राझिन, मेट्रिब्युझिन फवारतात. ही औषधं त्या केंद्रातून इलेक्ट्रॉन पुढे जायची वाट बंद करतात. ऊर्जा येत राहते, खपत नाही, आणि औषध लागलेल्या तणाची लाल चमक वाढते. पान पिवळं पडायच्या आधी उपकरणावर हे दिसतं. घरी फवारणीचं औषध आणायचं नाही. त्याऐवजी साधं पान वीस मिनिटं काळोखात ठेवा, मग एकदम तेज निळा टॉर्च मारून लाल जिलेटीनमधून मोबाइलवर व्हिडिओ काढा. सुरुवातीला चमक चढते, मग मिनिटा-दोन मिनिटांत उतरते. काळोखात झोपलेलं यंत्र जागं होऊन गिऱ्हाईक होतं तसा माल सांडायचा थांबतो. काउट्स्की यांनी १९३१ मध्ये नुसत्या डोळ्यांनी हे पाहिलं होतं. आम्हाला तिसऱ्या प्रयत्नात दिसलं, खोली पुरेशी काळोखी नव्हती.

पाचवा, उन्हातला

गोंदाचे पापुद्रे शिल्लक असतील तर फेकू नका. एक फक्त पिवळ्याचा, एक पिवळा-गुलाबी मिश्रणाचा, दोन्ही अर्धे काळ्या कागदाने झाकून खिडकीत चार-पाच दिवस ऊन द्या. झाकलेला आणि उघडा भाग वेगवेगळे कापून सारख्याच कोमट पाण्यात विरघळवा, आणि चौघांचा हिरवा ताडून बघा. तुटण्याचं दार उघडायला रेणू उत्तेजित असावा लागतो. शेजारी नसलेला पिवळा तिथे काही नॅनोसेकंद बसतो, शेजारी असलेला त्याआधीच देऊन मोकळा होतो, म्हणून त्याला उन्हात मोडायला वेळ कमी मिळतो. मिश्रणात थोडी सावली गुलाबी रंगाचीही पडते, ते लक्षात ठेवून तुलना करा.

भाचीने शेजारी आणखी एक चिंधी वाळत टाकली होती, हळदीचं बोट पुसलेली. तिला शेजारी कुणी दिला नव्हता. संध्याकाळी चिंधी पांढरी होती.